तेरावा फर्मा

सुनेनं पेनाचं टोपण काढलं, कागदावर सातवा आकडा घातला आणि सर सांगतील ते उतरवून घ्यायला लागली.

"या विषयावरील मूलगामी," सर म्हणाले, "आणि ज्याला ओलांडून अद्याप कुणालाही पुढे जाता आलेले नाही, असा ग्रंथ." खुर्चीच्या पाठीला मान टेकवून त्यांनी डोळे मिटले. "असा ग्रंथ नको. असा एकमेव ग्रंथ कर."

तिनं 'एकमेव' घातलं. ग्रंथ सरांचाच होता.

सर म्हणजे तिचे सासरे. निवृत्त होऊन जमाना लोटला तरी गाव त्यांना सरच म्हणायचं, आणि गावाचं जाऊ द्या, घरातही दुसरं नाव नव्हतं. दूधवाला सर म्हणायचा, शेजारी सर म्हणायचे, खुद्द त्यांची बायको सर म्हणायची. मुलगा तेवढा समोर 'बाबा' म्हणायचा, पण फोनवर कुणी विचारलं तर तोही 'सर झोपलेत' असंच सांगायचा. सून लग्नानंतर आठवडाभर चाचपडली आणि मग तिनंही सर म्हणायला सुरुवात केली. सोपं पडलं. सासऱ्याशी बोलायचं म्हणजे जरा अवघड वाटतं, सरांशी काय, हात वर केला की झालं.

ती शाळेत शिकवायची. चाळिशीला आल्यावर तिनं एम.ए.ला नाव घातलं होतं आणि आता शेवटचा शोधनिबंध तेवढा उरला होता. निबंधाला सटीप संदर्भसूची जोडायची होती. म्हणजे वापरलेल्या प्रत्येक पुस्तकाचा लेखक, प्रकाशक, साल, पानं, आणि खाली चार-पाच ओळींची टीप: पुस्तक काय म्हणतं, आपल्या कामाला किती उपयोगी पडतं. हे काम बहुतेक जण सगळ्यात शेवटी, एका बैठकीत उरकतात. आधीच्या कुणाची तरी सूची समोर ठेवायची, शब्द इकडचे तिकडे करायचे. त्या आधीच्यानंही तेच केलेलं असतं, त्यामुळे कुणाची तक्रार नसते. हिनं मात्र डोक्यात घेतलं होतं की पुस्तक हातात घेऊन वाचल्याशिवाय त्याच्यावर टीप लिहायची नाही. नवरा याला हट्ट म्हणायचा. शाळेतल्या बाया सरळ वेड म्हणायच्या. मुख्याध्यापिकांनी अभ्यासासाठी यंदापुरती तासांत सवलत दिली होती आणि पुढच्या वर्षी मागू नका, असंही बजावलं होतं.

"पुढे," सर म्हणाले. "नायिकेच्या अधुऱ्या निर्गमनाचा जो अन्वय ग्रंथकर्त्याने लावला आहे, तो..."

तिनं टोपण लावलं.

"सर, त्याआधी तुम्हाला एक दाखवायचं होतं."

विषय एका जुन्या कादंबरीचा होता. लिहिणारी बाई दोन पुस्तकं लिहून विस्मरणात गेली. कादंबरीतली बाई नवऱ्याच्या घराला विटते, पहाटे बोचकं बांधते, दारापाशी येते आणि शेवटची ओळ अशी: तिने कडीवर हात ठेवला. बस्स. पुढे कोरं पान. सरांनी तरुणपणी यावर प्रबंध लिहिला, त्याचं पुस्तक झालं, 'कडीवरचा हात'. त्या एका ओळीतल्या पूर्णविरामावर सरांनी पुस्तकात आख्खं प्रकरण लिहिलं होतं. बाई गेली की थांबली, हे लेखिकेनं सांगितलं नाही, यात तिची थोरवी. तिनं 'समाप्त' हा शब्दसुद्धा छापू दिला नाही, यात तर फारच. आत जायचं नाही आणि बाहेर पडवत नाही अशा त्या दारातल्या बाईवर मग शिष्यांनी प्रबंध लिहिले, शिष्यांच्या शिष्यांनी लेख लिहिले. सुनेच्या सूचीतली निम्म्याहून जास्त पुस्तकं त्या दारातच उभी होती.

घोळ पानांच्या आकड्यात निघाला. सगळ्यांनी आपापल्या सूचीत कादंबरीची पानं एकशे ब्याण्णव दिली होती. कॉलेजच्या ग्रंथालयात जी एकमेव प्रत होती, तिचीही तेवढीच. पण त्याच लेखिकेचं दुसरं पुस्तक सुनेनं वाचायला आणलं, तर मलपृष्ठावर या कादंबरीची जाहिरात, आणि तिच्यात पानं दोनशे आठ. आधी तिला वाटलं, छापणाऱ्यानं चुकून आकडा टाकला असेल. मग राहवेना. तिनं दिसेल त्या ग्रंथालयाला पत्र घातलं. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. लांबच्या एका ग्रंथालयातल्या बाईंनी मात्र कपाट उपसून प्रत शोधली आणि शेवटच्या सोळा पानांचे फोटो पाठवले.

पुस्तक छापताना मोठा कागद घड्या घालून त्याची सोळा पानं करतात. त्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. अशा बारा फर्म्यांची एकशे ब्याण्णव पानं होतात. कॉलेजच्या प्रतीला कधीकाळी नवी बांधणी करून घेतली, तेव्हा तेरावा फर्मा बाहेरच राहिला असणार. मोडून पडला असेल, हरवला असेल, कोण जाणे. बारावा नेमका पूर्णविरामावर संपत होता. सरांनी तीच प्रत वाचली होती. नंतरच्यांनी तीही वाचली की नाही, याची सुनेला आता खात्री वाटत नव्हती.

तिनं छापून आणलेली पानं सरांपुढे ठेवली आणि हे सगळं सांगितलं. सरांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि वाचायला बसले. वाचता वाचता सवयीनं छपाईच्या चुका दुरुस्त करत होते. शेवटच्या पानावर वेलबुट्टीच्या चौकटीत, ठसठशीत अक्षरांत 'समाप्त' छापलेलं होतं. तिथं पेन्सिल थांबली. मग त्यांनी पानं उलटी करून पहिल्यापासून पुन्हा वाचली. ती समोर बसून राहिली. तिला त्या क्षणी त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला.

"वाईट आहे," सर म्हणाले.

तिनं मान डोलावली. तिलाही तसंच वाटलं होतं, शाळेत शिक्षकांच्या खोलीत बसून वाचताना तर चक्क रडू यायचं बाकी राहिलं होतं. बाई कडी काढून जाते इथपर्यंत ठीक होतं. मग तिला रस्त्यात बालपणीची मैत्रीण भेटते, मैत्रिणीचा भाऊ नेमका डॉक्टर निघतो, तो पानभर उपदेश करतो. बाई त्याच्या दवाखान्यात जखमा बांधायला शिकते आणि भाड्यानं खोली घेते. लेखिकेला कुठंतरी जायची घाई झाल्यासारखं सगळं भराभर.

सर आता सावरले होते. त्यांचा आवाज वर्गातला झाला. ते म्हणाले, एखाद्या कसलेल्या संपादकानं हीच सोळा पानं कापली असती. कलाकृतीला कधीकधी असा अपघात तारून नेतो. फर्मा गळाला हे त्या बाईचं भाग्य, नाहीतर तिला आज कुणी विचारलं नसतं. तेव्हा झाकली मूठ झाकलीच राहू द्यावी. आपलीही आणि तिचीही.

"वाईट आहे, मान्य," सून म्हणाली. "पण तिचा आहे."

"मग टिपेत लिही, की शेवट निकृष्ट आहे."

"लिहीन. आणि तुम्ही तो वाचला नव्हता, हेही लिहीन."

घरात असं कुणी सरांशी बोललेलं नव्हतं. तिचे कान तापले, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत. सरांनी पानं नीट जुळवून तिच्याकडे सरकवली, उठले आणि आपल्या खोलीत गेले.

त्या दिवसापासून सरांनी तिच्याशी अबोला धरला. अबोला म्हणजे काय, तर बोलायचं सगळंच, पण बायकोमार्फत. सून समोर वाढत असताना ते म्हणायचे, "तिला सांग, भाजीत मीठ ठीक आहे." सासूबाई तिला सांगायच्या नाहीत, कारण ती ऐकतच असायची, आणि सरांनाही ते ठाऊक असायचं. नवऱ्याची तर दोन्हीकडून गोची. बाबांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती छापायला गेली आहे, त्यांचं वय बघ, एका टिपेचा तर प्रश्न आहे, असं तो आळवून आळवून सांगत राहिला. तिनं त्याला ती पानं वाचायला दिली. त्यानं ती उशीखाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच तिला परत मिळाली.

तिनं टीप लिहिली ती अशी: ग्रंथकर्त्याने कादंबरीची अपुरी प्रत वाचली असून शेवटचा फर्मा पाहिलेला नाही, त्यामुळे ग्रंथाचे अखेरचे प्रकरण निराधार ठरते. मग ओळीनं ज्या ज्या पुस्तकानं तो शेवट धरून पुढे बांधकाम केलं होतं, त्या प्रत्येकाखाली तिनं लिहिलं: हाही. सूची पुरी झाली तेव्हा तिला फार दिवसांनी हलकं वाटलं.

कॉलेजातल्या विभागप्रमुख बाईंना मात्र वाटलं नाही. त्या सरांच्या लाडक्या विद्यार्थिनी. भिंतीवर सरांच्या सत्काराचा फोटो होता आणि त्यात त्या हार घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सूची आधी चाळली, मग वाचली, मग आपलं नाव आलं तिथं बोट ठेवून थांबल्या.

"माझ्याही पुस्तकावर लिहिलंयस?"

"हो. तुम्हीही तीच प्रत वापरलीय."

बाईंनी दार लोटून घेतलं. आरडाओरडा करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं, की संशोधनात असं होतं, कुणाचंही होतं. पण पोहायला शिकणाऱ्यानं पहिल्याच दिवशी विहिरीच्या खोलीबद्दल तक्रार करायची नसते. शिवाय घरातलीच माणसं, लोक काय म्हणतील, की सुनेनं सासऱ्यावर सूड उगवला. पानांचा आकडा दुरुस्त कर, हवं तर बारीक अक्षरांत 'अन्य प्रत पाहावी' असं घाल. बाकी टिपा रीतसर लिही, सर मदत करतीलच. सोमवारपर्यंत बदलून आणलीस तर निबंध यंदा पुढे जाईल. नाही आणलीस तर मला सही करता यायची नाही.

"आणि तो शेवट?" तिनं विचारलं.

"कुठला शेवट?" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी घंटी वाजवून पुढच्या विद्यार्थ्याला आत बोलावलं.

रविवारी संध्याकाळी चौघं जेवणाच्या टेबलाशी होती. बाईंचा फोन येऊन गेला असावा, कारण सर प्रसन्न होते. त्यांनी दोन घास जास्त खाल्ले, मुलाच्या ऑफिसची चौकशी केली आणि ताट सारताना बायकोला म्हणाले, "तिला सांग, मी सांगितलेली टीप कागदावर आहेच. तेवढी घातली की झालं. बाकीच्या मी उद्या सकाळी बघून देईन."

सून दमली होती. पुढच्या वर्षी शाळा अशी सवलत देणार नव्हती, म्हणजे यंदा गेलं तर बहुधा गेलंच. टेबल पुसून तिनं लॅपटॉप उघडला, सूचीतल्या सातव्या आकड्यावर आली, स्वतःची टीप पुसली आणि सरांचा कागद शेजारी ठेवला. 'या विषयावरील मूलगामी' एवढं टाईप केलं. बोटं पुढे जाईनात म्हणून ती नुसती बसली. एका ओळीनं कुणाचं काय बिघडतं, असं तिनं मनाशी म्हणून पाहिलं. नवऱ्याचंच वाक्य होतं, आता तिच्या तोंडी आलं होतं, आणि तिला त्याची लाज वाटली.

सासूबाई ओट्यापाशी भांडी पुसत होत्या. फारसं न बोलणारी बाई. या सगळ्या प्रकरणात त्या निरोप्या झाल्या होत्या, पण निरोप कशाबद्दल आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. त्यांनी फडकं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि सुनेसमोर येऊन बसल्या.

"काय आहे गं त्या पानांत?"

"काही नाही," सर म्हणाले. "रचना ढासळते शेवटी."

"रचनेचं नाही विचारलं मी," सासूबाई म्हणाल्या. "तिचं काय होतं?"

सुनेनं सरांकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. सरांनी नाही, बाईंनी नाही, नवऱ्यानं तर नाहीच. तिनं सांगितलं, की ती कडी काढते आणि जाते. मैत्रीण भेटते ते सांगितलं, डॉक्टरचा उपदेश एका वाक्यात उरकला, दवाखान्यातलं काम सांगितलं. शेवटी ती एका खोलीत राहते, जिन्याखाली आहे, अंधारी आहे, पण तिची आहे.

"म्हणजे पोचली," सासूबाई म्हणाल्या.

"पोचली, आई."

मग सासूबाई टेबलाकडे बघत बोलायला लागल्या, सुनेशी नाही आणि सरांशीही नाही. लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. सरांचा प्रबंध त्यांनीच टाईप केला होता. सरांचे मार्गदर्शक प्रत्येक वेळी काहीतरी बदलायला लावायचे, की पुन्हा पहिल्यापासून.

"तीनदा टाईप केला मी तो," त्या म्हणाल्या. "तीनदा त्या बाईला दारात आणून उभं केलं. सरांना म्हणायची, जाऊ दे की हो तिला. तर हे म्हणायचे, तुला साहित्य कळत नाही."

सर खुर्चीत सरळ झाले. त्यांनी वर्तमानपत्र पुढे ओढलं.

"वाचून दाखव मला," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "सगळं. वाईट असेल तसंच वाच."

सुनेनं पिशवीतून पानं काढली आणि वाचायला लागली. मैत्रीण भेटली तिथं सासूबाई हसल्या, म्हणाल्या, बरी भेटली, अगदी वेळेवर. उपदेशाच्या पानावर त्यांनी हात हलवून पुढे जायला सांगितलं. पण दवाखान्यात बाई पहिल्यांदा कुणाची तरी जखम बांधते, तिथं त्या पुढे वाकून ऐकायला लागल्या. झोपायला निघालेला नवरा दारातून परत आला आणि खुर्ची ओढून बसला. सर उठून गेले नाहीत. वर्तमानपत्र त्यांनी समोर धरलं होतं आणि पान काही उलटत नव्हतं.

गोष्टीत त्या खोलीची घरमालकीण आली, तिथं सुनेला राहवेना आणि ती थांबली. तिनं लॅपटॉप जवळ ओढला, 'या विषयावरील मूलगामी' पुसून टाकलं आणि स्वतःची टीप शब्दाला शब्द पुन्हा टाईप केली. 'निराधार' लिहिताना क्षणभरही अडली नाही. ती काय करते आहे, ते सगळ्यांना दिसत होतं.

"तिला सांग," सर वर्तमानपत्राआडून म्हणाले, "हे असं दिलं तर वर्ष जाईल तिचं."

"जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "त्या बाईची दारात चाळीस गेली." मग त्यांनी पानं उचलून सुनेच्या हातात दिली. "तू वाच गं. घरमालकीण पाणी बंद करते म्हणत होती, मग ही काय म्हणाली?"